जुन्या गाडीच्या गंजलेल्या फ्लोअरला ठिगळ मारताना भोक मोठंच होत जातं. काय चुकतंय?

केळीच्या बागेत खतं वाहून तुमच्या ओमनीचा फ्लोअर गंजला, घरच्या आर्क मशीनवर ठिगळ लावायला गेलात आणि रुपयाएवढं भोक बशीएवढं झालं, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, हात वाईट म्हणून हे झालेलं नाही. यावल-रावेरकडच्या अशा बऱ्याच गाड्यांखाली मी झोपून काम केलंय. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. गोणीतून सांडलेले दाणे मॅटखाली जातात, पावसाळ्यात ओल धरतात आणि पत्रा खात बसतात.

गाडीचा पत्रा नवा असताना जेमतेम ०.७ ते ०.८ मिलीमीटर असतो. गंजल्यावर तेवढाही उरत नाही. त्यावर अडीच मिलीमीटरचा रॉड टेकवला की पत्रा जळणारच. ग्रिल-गेटला आर्क मशीन उत्तम, इथे मिग हवं, म्हणजे रॉडऐवजी बारीक वायर आपोआप पुढे सरकवणारं आणि टाक्यावर गॅस सोडून हवा दूर ठेवणारं मशीन. वायर ०.६ किंवा ०.८ मिलीमीटरची, गॅस आर्गॉन-सीओटू मिक्स. ओळखीच्या गॅरेजवर दोन दिवस मशीन वापरायला मिळत असेल तर विकत घेऊ नका.

पण मशीन बदलूनही भोकं पडतील, जर तुम्ही गंजालाच ठिगळ जोडत असाल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॅट, खालचा डांबरी थर, रंग सगळं खरवडून काढा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत भोकापासून बाहेर बाहेर जा. चांगला पत्रा टणक लागतो, ठोकल्यावर वाजतो. खाल्लेला पत्रा टोकाखाली दबतो आणि तपकिरी पापुद्रे सुटतात. बशीएवढं भोक कापता कापता परातीएवढं झालं तरी चालेल, पण पांढरं चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा.

ठिगळाला त्याच जाडीचा सीआरसी, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पोलादी पत्रा घ्या. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा नको, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. पुठ्ठ्यावर माप काढून पत्रा कापा, कडेला साधारण एक मिलीमीटर फट राहू द्या. आता एक टाका, म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका. थांबा. दुसरा टाका समोरच्या कडेला, तिसरा आडव्या बाजूला. बोट जवळ नेल्यावर धग लागत नाही, मगच त्या बाजूला परत या. असे टाक्यांमध्ये टाके भरत जायचं. सलग ओढलंत की पत्रा डब्यासारखा फुगतो. भोक पडायला लागलं तर मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. ती उष्णता ओढून घेते आणि वेल्डिंग तिला चिकटत नाही.

बॅटरीच्या वायरी आधी काढा. पेट्रोलची टाकी, पाइप, गॅसकिट जवळ असेल तर ते उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नका. माझ्याकडे एकदा काम संपवून चहाला गेलो, आणि सीटखाली राहिलेला फोमचा तुकडा अर्ध्या तासानं धुमसायला लागला. तेव्हापासून बादलीभर पाणी शेजारी असतं आणि शेवटच्या टाक्यानंतर तासभर मी गाडी सोडत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून कूलर लावून काम करावंसं वाटतं. वारा गॅस उडवून नेतो आणि टाका स्पंजासारखा सच्छिद्र होतो. सकाळी सहाला सुरुवात करा, आडोशाला.

टाके घासून सपाट झाल्यावर लगेच दोन्ही बाजूंनी झिंक प्रायमर, मग सांध्यात सीलर, खालून अंडरकोटिंग. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलात तर येत्या पावसाळ्यात गंज परत वर येईल.

सीटबेल्टचे बोल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा गेला असेल तर ते काम जाणत्या बॉडीवाल्याकडेच द्या, तिथे माणसाचा जीव टांगलेला असतो. बाकी फ्लोअर तुम्ही करू शकता. आधी भंगारातून एक जुनं दार आणा, त्यात मुद्दाम चार खिडक्या कापा आणि ठिगळं लावा. चौथं लावताना भोक पडलं नाही, की गाडीखाली शिरा.