पिंपातील अळ्या आणि लवंगेचे तेल

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही पागोळ्यांचे पाणी २०० लिटरच्या पिंपात साठवतो आणि धुण्याभांड्यांसाठी वापरतो. थोड्याच दिवसांत त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात. रासायनिक औषधाऐवजी लवंगेचे किंवा गवती चहाचे तेल घातले तर चालेल का? कडुनिंबाचे तेल अधिक चांगले, असेही ऐकले आहे. खरे काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्राल आणि ओव्यातील थायमॉल ही द्रव्ये डासांच्या अळ्यांना मारक ठरतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. अनेक सुगंधी तेलांच्या बाबतीत, दर लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी मात्रा दिली असता २४ तासांत निम्म्या अळ्या मरतात. मात्र त्यातला 'निम्म्या' हा शब्द नजरेआड करू नये. लिटरला ५० मिलिग्रॅम धरले, तरी तुमच्या पिंपाला १० ग्रॅम, म्हणजे दुकानात मिळणारी छोटी बाटली जवळजवळ पूर्ण रिकामी करावी लागेल, आणि तरीही उरलेल्या अळ्यांचे डास होतीलच.

शिवाय प्रयोगशाळेत हे तेल आधी एखाद्या द्रावकात किंवा साबणासारख्या पदार्थात मिसळून मगच पाण्यात सोडतात. तुम्ही नुसतेच ओतलेत तर ते पाण्यावर तरंगेल आणि पाहता पाहता उडून जाईल. घमघमाट सुटतो, तो तेल हवेत निघून चालल्यामुळेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. पाण्यात घातलेले तेल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतली भिंत काथ्याने खसाखसा घासावी, ते उन्हात किंवा निदान वाऱ्यावर वाळू द्यावे आणि पुन्हा भरल्यावर तोंडाला दाट विणीचे फडके घट्ट बांधावे. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्याला 'कोरडा दिवस' पाळायला सांगते, ते याच हिशेबाने.

कडुनिंबाचे तेल सुगंधी तेलांच्या जातीचे नाही. ते निंबोळीतून काढलेले, न उडणारे तेल आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे त्याचा परिणाम सावकाश दिसतो.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. लवंगेचे तेल माशांना भूल देण्यासाठी वापरतात. तेव्हा विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडलेले असतील, तर तिथे ते चुकूनही घालू नये. जिथे पाणी उपसणे शक्यच नाही, अशा ठिकाणी बीटीआय या जिवाणूपासून केलेले अळीनाशक वापरता येते. १९७६ साली इस्रायलमध्ये सापडलेल्या या जिवाणूचे विष अळीच्या आतड्यात गेल्यावरच काम करते आणि मासे व माणसांना त्याचा त्रास होत नाही. ते किती घालायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.