घरी बसलेला मुलगा आणि जेवणाच्या वेळचा प्रश्न

‘मुलगा शिक्षण अर्धवट सोडून आठ महिने घरी बसला आहे, नोकरीही शोधत नाही, याला आळस म्हणायचे की आजार?’ पालकांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्याचे उत्तर म्हणून एका कुटुंबाबरोबरचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते आहे.

मुलगा एकोणीस वर्षांचा होता. पहिल्या भेटीत मी त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आई देत होती, वडील ‘याला फक्त शिस्त हवी’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि तो स्वतः खाली मान घालून बसला होता. नंतर मी त्याच्याशी एकट्याने बोलले. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून इथले बोलणे घरी जाणार नाही, हे आधी स्पष्ट केले. मग झोप, भूक, कशात मन लागते का, हे विचारले आणि जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारले. असे विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल अशी भीती अनेक पालकांना वाटते, परंतु तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच मुलांना बऱ्याचदा आधार वाटतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ सलग टिकून असती आणि भूक-झोप पार बिघडली असती, तर मी त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. इथे तसे नव्हते. दोन विषयांत नापास झाल्यावर वर्गात तोंड दाखवणे त्याला नको झाले होते आणि पुढे घरातही. “मी जेवायला आलो की बाबा विचारतात, आज काय केलंस? म्हणून ते जेवून उठल्यावरच मी खोलीबाहेर येतो,” असे तो म्हणाला.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी त्याची कल चाचणी घेतली, निष्कर्षाचा कागद हाती दिला, आणि पुढचे दोन आठवडे तो फिरकलाच नाही. आल्यावर म्हणाला, “त्या कागदावरचं सगळं करू शकेल असा मुलगा मी नाहीच.” दिशा दाखवण्याची घाई मला झाली होती; त्याच्या दिवसालाच आकार उरला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

वडिलांना हे समजावताना मी मारिएंथालचे उदाहरण दिले. ऑस्ट्रियातील या गावात कापडाची गिरणी बंद पडून जवळजवळ सगळे गाव बेकार झाले, तेव्हा 1930च्या दशकाच्या आरंभी समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. वेळच वेळ होता, वाचनालयाचे शुल्कही माफ झाले होते, तरी पुस्तके नेणे वाढण्याऐवजी निम्म्यावर आले आणि रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली. पगाराखेरीज काम माणसाला दिवसाची चौकट, घराबाहेरची माणसे, सामायिक उद्दिष्टातला वाटा, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल देते, अशी मांडणी याहोदा यांनी पुढे केली. शिक्षणसंस्थाही बऱ्याच अंशी हेच देते, आणि या मुलाचे ते सारे एकदमच गेले होते. “म्हणजे मोकळा वेळ मिळाला म्हणून माणूस काही करू लागतो असं नाही?” वडिलांनी विचारले. त्या दिवसापासून शिस्तीचा विषय मागे पडला.

नोकरीचा आग्रह आम्ही बाजूला ठेवला, कारण त्या टप्प्यावर एखादा नकारही त्याने स्वतःवरचा शिक्का मानला असता. एका समाजकेंद्रात ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल वापरायला शिकवण्याचा उपक्रम चालत असे. मंगळवारी आणि शुक्रवारी दीड-दीड तास तिथे जायचे त्याने कबूल केले. हे काम त्याला आधीपासून येत होते आणि तिथे कोणीतरी त्याची वाट पाहणार होते. आपल्याला जमते हा विश्वास सर्वांत बळकटपणे येतो तो प्रत्यक्ष जमवून दाखवण्यातून, दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने कमी पडतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये मांडले आहे; त्यामुळे ‘तू हुशार आहेस’ हे आईचे पालुपदही थांबवायला सांगितले. वडिलांनी चार आठवडे जेवताना तो प्रश्न विचारायचा नाही, असे ठरले. माझ्या मते सर्वांत अवघड काम त्यांच्याच वाट्याला आले होते.

तिसऱ्या आठवड्यात तो दोन्ही दिवस गेला नाही. “सगळं संपलं,” आईने रडत फोनवर सांगितले. असा खंड पडतोच, त्याबद्दल घरात चर्चा नको, एवढेच मी म्हणाले. त्याला परत नेले ते एका आजींच्या निरोपाने: नातवाचा व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा हे अर्धेच शिकवून मास्तर कुठे गेले, असे त्यांनी समन्वयकांमार्फत विचारले होते.

चार महिन्यांनी राहिलेल्या विषयांची गोष्ट त्याने स्वतःच काढली. पूर्णवेळ शिक्षण लगेच सुरू करावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्याने मात्र फक्त दोन विषयांचे अर्ज भरले आणि केंद्रात नोंदणीचे काम अल्प मानधनावर घेतले. त्यातला एक विषय सुटला, एक अजून राहिला आहे. निकाल त्याने जेवतानाच, वडिलांनी न विचारता सांगितला.