गॅस मोजून भर, मोजूनच काढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. पंधराएक ओळी सर्टिफिकेटांबद्दल आणि शेवटी दोन ओळी त्या एसी शिफ्टिंगच्या कामाबद्दल. पंधरा ओळींचं उत्तर देतोच, पण रात्री झोप उडाली ती त्या दोन ओळींमुळे. "मिस्त्री म्हणाले, नट खोल आणि गॅस सोड, वेळ नाही. मी सोडला, सर." एवढंच लिहिलंस आणि लगेच पुन्हा 'ग्रीन कोर्स करू का' सुरू केलंस.

मनाला लागलं म्हणून तू ते लिहिलंस, हे मला कळतं. म्हणून आधी तेच.

मशीन चालू होतं ना? सकाळपर्यंत खोली गार होत होती, जागा बदलायची म्हणून काढायचं होतं, असं तूच लिहिलंयस. म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. मग पंप डाऊन का नाही केलास? त्याला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागत नाही. ॲलन की लागते, गेज लागतं आणि चार-पाच मिनिटं लागतात. मशीन कूलिंगवर चालू ठेवायचं, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजच्या काट्यावरची नजर हलू द्यायची नाही. काटा शून्याला टेकत आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद, त्याच दमात मशीन बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडला जातो आणि नव्या जागी तोच कामाला येतो. हे मी तुझ्याकडून दुसऱ्या वर्षाला करून घेतलंय. एकदा तू बोलत बसलास, काटा शून्याच्या खाली गेला आणि मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो होतो. हवा आत ओढली जाते, कॉम्प्रेसर फुटू शकतो, म्हणून ओरडलो होतो. त्या दिवशी तू जेवला नाहीस, हे मला नंतर कळलं. तरी ओरडल्याचं मला वाईट वाटत नाही.

त्या मशीनमधला गॅस आर-२२ होता. एक किलो आर-२२ हवेत गेला तर पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो साधारण १८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, शिवाय ओझोनच्या थरालाही मारक. नव्या मशिनांत येणारा आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचाही एक किलो ६७५ किलोच्या बरोबरीचा आहे. आर-२९० चा आकडा अवघा ३, पण तो प्रोपेन आहे, पेट घेतो. हे आकडे तू परीक्षेत पर्यायांमधून बरोबर निवडले होतेस. मग त्या गच्चीवर हातात पाना असताना ते आठवले का नाहीत? वजनकाटा जवळ नव्हता म्हणून. काट्यावर उलटा जाणारा आकडा ज्याला दिसतो, त्याला आपण काय सोडतोय ते दिसतं. ज्याला दिसत नाही, त्याला फक्त फुस्स आवाज येतो.

आता माझं ऐक.

आयटीआयत निदेशक होण्याआधी मी एका ठेकेदाराकडे कामाला होतो. एक मोठं कार्यालय दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर जाणार होतं. बावीस स्प्लिट एसी, सगळे आर-२२ चे, सगळे चालू. शनिवारी दुपारी सुरुवात, सोमवारी सकाळी कार्यालय उघडणार. मी सुपरवायझर. मी मुलांना सांगितलं, "खोला आणि सोडा." एकामागून एक बावीस आवाज. पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटवर पांढरा बर्फ धरायचा, भिंतीवर तेलाचा फवारा उडायचा. संध्याकाळी भिंतीवर बावीस डाग होते आणि ते पुसायला ठेकेदाराने वेगळा माणूस लावला. डाग पुसायला माणूस होता, वेळही होता. पंप डाऊनला वेळ नव्हता.

प्रत्येकात सव्वा किलोच्या आसपास धर. सत्तावीस-अठ्ठावीस किलो. वर दिलेल्या १८१० ने गुणाकार कर. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात पन्नास टनांच्या घरात जातं. हा गुणाकार मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, फळ्यावर तुमच्या आधीच्या एका बॅचला उदाहरण म्हणून देताना केला. खडू हातातच राहिला. त्या दिवशी तास पुढे घेतला नाही.

तुला वाटेल, सर आता उपदेश करतात, तेव्हा कुठे होते? खरं आहे. पण तेव्हा आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, हेही खरं आहे. आमच्या वेळी पाइपमधली हवा काढायची म्हणजे मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून द्यायची, हीच पद्धत. पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप संस्थेत एकच, तोही बहुतेक वेळ बंद. मी साहित्य मागितलं नाही असं नाही. मागणीपत्रं लिहिली, त्यांच्या प्रती अजून माझ्याकडे आहेत. पण पंप डाऊनला साहित्य लागतच नव्हतं. तिथे माझं कारण संपतं, आणि ते संपतं हे कबूल करायला मला पंधरा वर्षं लागली. तू ते पंधरा दिवसांत कर.

पुढे एका संस्थेत रिकव्हरी मशीन आलं. खोक्यात. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि खोकं कपाटात गेलं. बिघडलं तर भरपाई कोण देणार, म्हणून कुणी सील तोडेना. दोन वर्षं मुलं त्या मशीनचं चित्र वहीत काढत होती आणि मशीन त्यांच्यापासून आठ पावलांवर कपाटात होतं. शेवटी मी सील तोडलं. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तरात लिहिलं की प्रशिक्षणासाठी आलेलं मशीन प्रशिक्षणासाठी वापरलं. प्रकरण मिटलं, पण काही सहकारी माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. त्याच वर्षीपासून मी नियम केला: वजन न करता गॅस भरणाऱ्याला प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत. पालक आले, पुढाऱ्यांचे फोन आले. "मास्तर, गॅस भरला, मशीन गार झालं, मग अडतंय कुठे?" गार झालं की झालं, हेच तर अडतं! थोडा गॅस कमी असला तरी खोली कधीतरी गार होतेच. कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो, बिल वाढतं, इनडोअरच्या स्टिकरवर पाच तारे असतात आणि मशीन दोन तारेवाल्यासारखं वीज खातं. मी हट्टी होतो, असं लोक म्हणतात. असेन. पण त्या बॅचमधली मुलं आजही वजनकाटा घेऊन कामाला जातात.

आता तुझ्या पंधरा ओळी.

तू विचारतोस, आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे, त्यावर एक ग्रीन जॉब्जचं घेऊ, का सोलरचं घेऊ, का दोन्ही. सोलर वाईट नाही. सोलर पॅनेल बसवायला शिकवणारा सूर्यमित्र अभ्यासक्रम आहे, मनापासून छतावर काम करायचं असेल तर जरूर जा. पण केवळ नावात हरित आहे म्हणून जाऊ नकोस. दोन वर्षं रेफ्रिजरेशन शिकलेल्या मुलाने पर्यावरणाचं काम शोधायला धंदा बदलावा, हे ऐकून मला राग येतो. ज्याच्या हातात सर्व्हिस व्हॉल्व्ह आहे, त्याच्याइतकं हरित काम कुणाकडे आहे? मार्च २०१९ मध्ये केंद्राचा इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन आला. २०३७-३८ पर्यंत रेफ्रिजरंटची, म्हणजे आपल्या या गॅसांची, मागणी २५ ते ३० टक्के कमी करायची आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिसिंग तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र द्यायचं, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मी रडायचा बाकी राहिलो. आपल्या धंद्यातल्या माणसाचं नाव देशाच्या हवामानाच्या कागदात! एवढी वर्षं आपण 'एसीवाला' होतो.

आणि पुढचं बघ. ओझोनसाठीच्या माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारतात एचएफसी गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून कपात सुरू, २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. आर-३२ त्याच यादीत आहे. २०४७ ला तू माझ्या आजच्या वयाचाही झालेला नसशील. म्हणजे तुझी अख्खी नोकरी गॅस बदलत जाण्यात जाणार. आज आर-३२, उद्या आर-२९०, परवा आणखी काही. प्रत्येक वेळी नवं सर्टिफिकेट निघेल आणि प्रत्येक वेळी तू मला विचारशील का, घेऊ का म्हणून? जो मोजतो त्याला नवा गॅस म्हणजे मशीनवरची नवी माहितीची प्लेट वाचणं. जो ॲम्पिअर बघून आणि पाइपला घाम आला की 'बस झालं' म्हणून भरतो, तो आर-२९० च्या मशीनजवळ धोकादायक माणूस आहे.

सर्टिफिकेटाला मी कमी लेखत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यानंतर एनसीव्हीईटी ही व्यवसाय शिक्षणाची नियामक परिषद आली. उद्देश हाच की नागपूरला शिकलेल्या हाताची ओळख कोइम्बतूरला पटावी. चांगली गोष्ट आहे. पण कोर्सला पैसे भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचार. पात्रतेला एनसीव्हीईटीची मान्यता आहे का? मूल्यमापनात चालू मशीनवर हात लावायला मिळतो का? आणि रिकव्हरी मशीन कुठे आहे, दाखवा. तिसऱ्या प्रश्नाला किल्ली शोधायला लागले तर तिथून निघ. आणि शक्य असेल तर कोर्सआधी एक वर्ष अप्रेंटिसशिप कर. विद्यावेतन थोडं असतं, ठाऊक आहे. घरी मी बोलतो हवं तर.

तुझ्या मिस्त्रींबद्दल तू जरा तोऱ्यात लिहिलंयस. "त्यांच्याकडे कसलंच सर्टिफिकेट नाही." हे मला आवडलं नाही. बंद डोळ्यांनी कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस आहे तो. अशाच माणसांसाठी आरपीएल आहे: काम करून शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय. त्यांना त्याबद्दल सांग, अर्ज भरायला मदत कर. गॅस सोड म्हणाले, कारण त्यांनाही माझ्यासारखंच कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी उलटून बोलू नकोस. "काका, पाच मिनिटं द्या, तुमचा गॅस वाचवून देतो," म्हण. गॅसचे पैसे वाचतात हे त्यांना तुझ्या हवामानाआधी कळेल, आणि त्यात काही कमीपणा नाही.

व्हॅक्यूमचंही तसंच. पंप लावला, चहा पिऊन आलो, काढला, याला व्हॅक्यूम म्हणत नाहीत. मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली आला का? पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं तिथे बसलास का? आकडा चढतच राहिला तर लीक आहे. थोडा चढून थबकला तर आत ओल आहे, पंप पुन्हा लाव. आर-३२ च्या मशीनमधलं तेल पाणी ओढून घेतं, मग आम्ल होतं, मग कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, कंपनीच खराब. कंपनी नाही, ती न बघितलेली दहा मिनिटं.

तुझ्या हाताची फ्लेअर, पाइपचं ते पसरवलेलं तोंड, आठवते मला. कापलेल्या कडेची कुसळं काढणारा रीमर फिरवल्याशिवाय तू कधी पाइपला टूल लावलं नाहीस, आणि कडेला चीर दिसली की न सांगता कापून पुन्हा करायचास. ज्या मुलाला फ्लेअरची चीर सहन होत नाही, त्याला गॅस हवेत जाताना सहन झाला, हेच मला पटत नाही. म्हणून एवढं लांब लिहिलं.

एक वही कर. सर्टिफिकेटांच्या फाइलच्या आधी ती वही. तारीख, मशीन, कुठला गॅस, प्लेटवरचा चार्ज (भरायचा गॅस) किती ग्रॅम, जास्तीचा पाइप किती मीटर, काढला किती, भरला किती, व्हॅक्यूमचा आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा. उद्या मुलाखतीला कुणी विचारलं की काय येतं, तर ती वही पुढे ठेव. पहिली नोंद त्याच कामाची कर. 'काढला' या रकान्यात शून्य लिही आणि पुढे लिही: हवेत सोडला, अंदाजे इतका.

माझा डिजिटल काटा कुरिअरने पाठवला आहे. सेल काढून ठेवलेत, नवे घाल. डाव्या कोपऱ्याचा रबरी पाय निघतो, तो बसवल्याशिवाय सिलिंडर ठेवू नकोस, रीडिंग चुकतं. पोचला की एक किलोचं वजन ठेवून बघ आणि किती दाखवतो ते मला कळव.

तुझा,
सर