आंबोळगडचा सडा खरंच ओसाड आहे का?

प्रश्न : मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या आंबोळगडला गेलो होतो. टोकावर सगळा काळा कातळ, झाड नाही, माणूस नाही. असं का? आणि कड्याच्या अगदी कडेपर्यंत जाऊन फोटो काढलेले चालतात का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : अहो, मे महिन्यात सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, बघून त्याला ओसाड म्हणायचं म्हणजे जरा अन्यायच झाला! पाऊस तिथे ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्या दगडावर माती असते बोटभर, मुळं धरायची कुठे, त्यात समुद्राचा खारा वारा, मग भेगेत कुठेतरी करवंदीची जाळी तग धरते तीपण जमिनीला चिकटून. वस्ती म्हणाल तर ती खाली पाण्याच्या आश्रयाने, आणि ते पाणी येतं ह्याच सड्यातून. जांभा भोकाभोकांचा दगड, त्यात पाऊस मुरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतो आणि आडवा सरकत पायथ्याला झरा होऊन निघतो. सरकारी कागदात अशी जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून पडलेली असते, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता भाद्रपदात जा. कातळावर उथळ डबकी असतात ना, तिथे खाली बसून बघा, गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांमधे सीतेची आसवं दिसतील, जांभळी, नखाएवढी. दिसायला नाजूक, पण ही वनस्पती चक्क मांसाहारी! ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत, डोळ्याचं पातं लवायच्या आधी. जांभ्यावरच्या मातीत नायट्रोजन फार कमी, तो ती असा मिळवते. (बूट घालून डबक्यात उतरू नका प्लीज.)

फोटोचं म्हणाल तर कडेला अजिबात नको. वरून जांभा दणकट दिसतो, पण खालचा मऊ थर लाटा पोखरत असतात, आधार गेला की वरचा तुकडा सुटतो. कड्याखाली खोलीएवढे दगड पडलेत ते असेच आलेत. जवळून बघायचेच असतील तर ओहोटीची वेळ गावात विचारून पुळणीकडून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याकडून, जा, आणि भरती सुरू व्हायच्या आत परत फिरा.