जंताच्या पोटातलं घड्याळ

प्रश्न : माझी भाची वडोद्याला पीएच.डी. करते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, ‘मावशी, जंत किती सेकंदांनी शी करतात ते मी मोजते.’ सगळे खो खो हसले. एवढं शिकून हे? रविवारीही लॅब सुटत नाही. शिवाय ते जंत तिच्या पोटात गेले तर?
– एक मावशी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, मीही हसलो असतो. ३१ वर्षं कॉलेजात गांडुळं चिरून पोरांना आतडं दाखवलं. निवृत्तीच्या वर्षी एका विद्यार्थ्यानं मला सूक्ष्मदर्शकाखाली सी. एलिगन्स नावाची कृमी दाखवली, तुमच्या भाचीचे ‘जंत’ ते हेच. चिरायचं कामच नाही! मिलिमीटरभर लांब, काचेसारखी आरपार. गिळलेले जिवाणू घशातल्या जात्यात दळले जाताना दिसतात. पुढचं अख्खं आतडं २० पेशींचं, आणि त्या विसांची आई भ्रूणातली एकच पेशी.

ही बया दर ४५-५० सेकंदांनी पोट साफ करते. (आमच्याकडे पोहे-जिलबी आणि दोन चहा झाल्याशिवाय गाडी हलत नाही.) पण वेळ कोण पाळतं? तिच्या अंगात ३०२ चेतापेशी आहेत, संशय त्यांच्यावरच जातो. घड्याळ मात्र निघालं आतड्यात! तिथल्या पेशींमध्ये ठरावीक वेळानं कॅल्शियम उसळतं आणि शरीर आकसतं.

हे कळलं बिघाड करून. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये घालून दिलेली ही रीत : रसायन देऊन जीन (म्हणजे जनुकं) बिघडवायचे. ही कृमी स्वतःच स्वतःला फळवते, त्यामुळे एखाद्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेली संतती नातवंडांतच सापडते. मग स्टॉपवॉच घेऊन बसायचं, कोण उशीर करतंय ते बघत. भाची तेच करते. अशा जीनपैकी एक आयटीआर-१. पेशीत साठवलेलं कॅल्शियम ज्या दारातून बाहेर येतं, ते दार हा जीन घडवतो. तो अधू झाला की ठेका लांबतो. त्याच कुळातले तीन जीन तुमच्या-माझ्यातही आहेत. म्हणून उद्या बद्धकोष्ठावर गोळी निघेल, असं मात्र पाहुण्यांना सांगू नका.

पोटात जायची भीती नको. ही सडक्या फळा-पाल्यात राहणारी, माणसाच्या पोटात घर करणारी नव्हे.

राहिला रविवार. अंड्यापासून तीन दिवसांत नवी पिढी उभी राहते. बशीतले जिवाणू संपले की सगळ्या उपाशी, आणि उपाशी कृमीचं मोजमाप फुकट. तेव्हा पुढच्या लग्नाला ती आली नाही तर रुसू नका.