बर्लिनला येताय ना? मग घराआधी किटा बघा

नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी मिळाली आहे, मुलगी दीड वर्षाची आहे, आणि हिंजवडीतली टेस्टिंगची नोकरी सोडून तुम्ही यायचं ठरवताय. तुम्ही विचारलंत, “तिकडे आजी नाही, बाई नाही, मग मला घरीच बसावं लागेल का?” नाही, बसावं लागणार नाही. पण कामांचा क्रम चुकला तर एक वर्ष सहज जातं. माझं गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं सांगते. बर्लिनमध्ये ऑगस्ट 2018 पासून किटाला फी नाही. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. मूल शाळेत जाईपर्यंत तिथेच असतं. आपण द्यायचे ते जेवणाचे महिन्याला 23 युरो. काही किटा नाश्ता किंवा जादा उपक्रमांसाठी वेगळे पैसे मागतात, पण ते ऐच्छिक असतात आणि त्यांवर मर्यादा आहे. हे सगळं बर्लिनचं झालं. जर्मनीत प्रत्येक राज्याचे, कधी कधी गावाचेही नियम निराळे असतात. म्युनिकची मैत्रीण सांगेल तो हिशोब तुम्हाला लागू पडणार नाही.

फी नाही म्हणजे जागा हमखास, असं मात्र समजू नका. आम्ही 2018 मध्येच आलो. फी गेली होती, पण जागाच नव्हत्या. त्या वर्षी इथले पालक मोर्चा काढून रस्त्यावर उतरले होते. आम्ही आधी नवऱ्याच्या ऑफिसजवळ घर घेतलं, सामान लावलं, आणि मग मी निवांतपणे किटा शोधायला लागले. तीसपेक्षा जास्त ठिकाणी ईमेल पाठवले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. मुलाला जागा मिळेपर्यंत अकरा महिने गेले, आणि मला मुलाखतीला बोलावणाऱ्या दोन कंपन्या मी सोडून दिल्या. आता परिस्थिती बरी आहे. जन्म कमी झाल्यामुळे अनेक भागांत जागा रिकाम्या असतात. तरी वस्तीनुसार फरक पडतो, म्हणून घराचा करार करण्याआधी आसपासच्या चार-पाच किटांना विचारा.

पद्धत अशी आहे. बर्लिनमध्ये पत्ता नोंदवायचा आणि आपल्या विभागाच्या युगेंडाम्टकडे, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडे, किटा-गुटशाइनसाठी अर्ज करायचा. हे एक प्रकारचं कूपन आहे. ते शहरातल्या कुठल्याही किटाला चालतं आणि किटाचे पैसे सरकार त्यावर देतं. अर्ज जागा हवी त्याच्या नऊ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा दोन महिने आधी करावा लागतो. दिवसाला सात तासांपर्यंतची जागा तुमची नोकरी नसतानाही मिळते. त्याहून जास्त तास हवे असतील तर दोघांच्या नोकरीचा किंवा शिक्षणाचा कागद लागतो. जर्मन भाषेचा वर्गही त्यात धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. नोकरी लागल्यावर तास वाढवून घेता येतात. “नोकरी नाही म्हणून किटा नाही, किटा नाही म्हणून नोकरी नाही” या चक्रात अडकून पडायची गरज नाही.

आणि ही मेहेरबानी नाही, हेही लक्षात ठेवा. 1 ऑगस्ट 2013 पासून जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. लाइपझिग शहरातल्या तीन मातांना जागा वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी बुडालेल्या पगारासाठी पालिकेवर दावा केला. जागा न देण्यात पालिकेची चूक असेल तर आईवडील ती भरपाई मागू शकतात, असं 2016 मध्ये देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मान्य केलं. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून बाईचा पगार बुडतो, हे कुणीतरी नुकसान म्हणून मोजलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी मूल सोडून निघून येता येत नाही. इथे आइनगेव्योनुंग असते, म्हणजे मुलाला सावकाश रुळवणं. सुरुवातीचे दिवस आई किंवा बाबा वर्गातच कोपऱ्यात बसून राहतात, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. आम्हाला चार आठवडे लागले. पुण्यात रडणारं मूल बाईंच्या हातात देऊन मागे न बघता पळालेली मी, मला ही पद्धत मनापासून आवडली. पण नोकरीची पहिली तारीख त्यानंतरचीच ठेवा. किंवा नवऱ्याला रजा काढायला सांगा. धाकटीच्या वेळी माझ्या नवऱ्याने ते केलं, आणि शिक्षिका अजूनही आधी त्यालाच फोन करतात.

फोन येतातच. पहिल्या हिवाळ्यात मूल सारखं आजारी पडतं, शिक्षक कमी असले की किटा तासही कमी करतं, आणि उन्हाळ्यात बऱ्याच किटा दोन-तीन आठवडे बंद असतात. म्हणून आरोग्यविमा निवडताना घाई करू नका. सगळं कुटुंब सरकारी विम्यात असेल तर मूल आजारी पडल्यावर आई आणि बाबा दोघांनाही एका मुलामागे वर्षाला प्रत्येकी 15 दिवस रजा मिळते, आणि बहुतेक पगार विमा कंपनी भरते. खासगी विम्यात हे नाही. नवऱ्याला स्वस्त खासगी विमा सुचवणारे लोक हे सांगत नाहीत.

करवर्गाचंही बघा. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं, आणि नवरा-बायकोला वर्गांची जोडी निवडता येते. नवरा तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात, असं केलं की त्याच्या हातात जास्त पैसे येतात. मग तिचा पगार इतका बारीक दिसतो की “एवढ्यासाठी कशाला धावपळ?” असं घरातच कुणीतरी म्हणतं. पुढे दुसरं मूल झालं तर पालकभत्ताही, म्हणजे बाळासाठी घरी असताना सरकार देतं ते पैसे, तुमच्या हातात आलेल्या पगारावर ठरतो. आम्ही दोघंही चौथ्या वर्गात आहोत, म्हणजे दोघांचा कर सारख्याच नियमाने कापला जातो.

आईला बोलवण्याबद्दल: साध्या व्हिसावर तिला 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. जरूर बोलवा, पण तिच्या भरवशावर नोकरी धरू नका. रुळवण्याच्या महिन्यानंतर, पहिल्या हिवाळ्यात आली तर सगळ्यात उपयोग होईल.

निघण्याआधी मुलीचं लसीकरणाचं कार्ड नीट करून घ्या. गोवर-रुबेलाच्या दोन्ही डोसांच्या तारखा आणि शिक्का स्पष्ट हवा. 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर किटा प्रवेश देत नाही. जन्मदाखल्याचं जर्मन भाषांतरही बरोबर असू द्या.

घर कुठल्या भागात बघताय ते कळवा. किटांना पाठवायचं पहिलं पत्र मी जर्मनमध्ये लिहून देते. मुलीचं नाव, जन्मतारीख आणि कुठल्या महिन्यापासून जागा हवी, एवढं पाठवा.