आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर, दिवाळीनंतर नव्हे

प्रश्न : आमच्या सोसायटीत पंचवीस-तीस वर्षांचा पायरी आंबा आहे. फांद्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत शिरल्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, दिवाळीनंतर वरून सरसकट दहा फूट उतरवून देतो. पुढच्या उन्हाळ्यात फळं धरतील ना? (वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही धरणार. आंब्याला मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्याला. पुण्यात तो साधारण डिसेंबर-जानेवारीत फुटतो, म्हणजे दिवाळीला ती काडी तयार होऊन बसलेली असते. तेव्हा शेंडे उडवले की मोहोरच गेला. शिवाय छाटणीनंतर थंडीत फुटणारी कोवळी पालवी तुडतुड्यांना आयतीच मिळते.

छाटणी शेवटची फळं उतरल्यावर लगेच करा. पायरीच्या बाबतीत म्हणजे जूनचा मध्य. पाऊस सुरू झाला असेल तर दोन-तीन दिवसांची उघडीप गाठा. ओल्या जखमेत बुरशी लवकर शिरते. जुलैअखेरच्या पुढे जाऊ नका, नाहीतर नव्या फुटीला पक्व व्हायला वेळ उरत नाही. जाड फांद्या कापल्या तर तेवढ्या भागाला एखादं-दुसरं वर्ष फळ येणार नाही, हे सभासदांना आधीच सांगून टाका.

झाड कंपाउंडच्या आत असलं तरी फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते (नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्य कायदा). त्यासाठी अर्ज एप्रिलमध्येच द्या, आणि सोबत फोटो जोडा. तारेला लागलेल्या फांदीला माळ्याला हात लावू देऊ नका; आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या. कावळ्याचं घरटं आहे का तेही पाहा. पिल्लं असतील तर तेवढी फांदी सोडा.

‘सरसकट दहा फूट’ हा प्रकार मात्र कोणत्याही महिन्यात नको. शेंडा छाटलेल्या जाड फांदीवर झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवरच्या लाकडातून निघालेले असल्याने पुढच्या वळवाच्या वाऱ्यात सोलून खाली येतात. सावलीतल्या सालीवर एकदम ऊन पडून ती तडकते, आणि तडकलेल्या सालीत भिरुडाची (खोड पोखरणाऱ्या किड्याची) मादी अंडी घालते. एका वर्षी एकूण पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नका. जास्त काढायचं असेल तर काम दोन-तीन वर्षांत वाटून घ्या.

आधी वाळकं लाकूड काढा, मग बांडगूळ. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या आत गेलेली असतात. ते चिकटलंय तिथून खोडाच्या दिशेने फूटभर मागे फांदी कापा. त्यानंतर एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आणि शेवटी खिडकीकडच्या. खिडकीकडची फांदी अधेमधे तोडू नका. जिची जाडी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे अशा, बाहेर वळलेल्या उपफांदीपर्यंत ती मागे न्या.

मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीला तीन काप लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत करवत घाला. त्याच्या दोन इंच पुढे, वरून दुसरा काप देऊन फांदी पाडा. खालचा काप दिला नाही तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलून नेते. मग उरलेला खुंट काढा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची किंचित फुगलेली वळी दिसते. शेवटचा काप तिच्या लगेच बाहेर घ्या. वळीच कापली तर जखम मोठी होते आणि नीट भरत नाही. खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत उतरते. कोयता घरीच ठेवा. अंगभर बाह्या आणि चष्मा हवाच, चिकाने कातडी भाजते.

जखमेला बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात. भांडी प्लॅस्टिकची घ्या, मग दोन्ही एकत्र ओता. लखलखीत सुरी त्यात बुडवून तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. डांबर, सिमेंट, ऑइलपेंट नको; आत ओल कोंडते. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना चुन्याचा हात द्या. दोन महिन्यांनी प्रत्येक कापापाशी बाहेरच्या बाजूचे दोन-तीन फुटवे राखा, बाकीचे कोवळे असतानाच अंगठ्याने मोडा.

प्रश्न : छाटलेल्या आंब्याच्या खोडातून भुसा गळतोय. (वाचक, हडपसर)

उत्तर : भिरुडाची अळी. छिद्रात तार घालून ती चिरडा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि छिद्र चिखलाने लिंपून टाका. आठवड्याने पाहा, ताजा भुसा दिसला तर पुन्हा तेच.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या अंगणात जुना बर्च आहे. आम्ही मार्चमध्ये जातोय, तेव्हा छाटून देऊ का? (वाचक, बाणेर)

उत्तर : मार्च हा बर्चसाठी सर्वांत वाईट महिना. हिवाळा सरताना त्याचा रस वर चढतो आणि कापातून दिवसेंदिवस पाण्यासारखा गळत राहतो. झाड सहसा मरत नाही, पण कोणताही लेप लावून तो थांबत नाही. तिकडचा उन्हाळा संपत आला की डिसेंबरपर्यंत केव्हाही काम करता येतं. तोवर पक्ष्यांची विणही आटोपलेली असते. बर्चची जखम सावकाश भरते आणि लाकूड लवकर कुजतं, म्हणून मोठ्या झाडाचं वाळकं तेवढं काढावं, हिरवं अगदी थोडं, आणि तेही बारीक फांद्यांचं. शेंडा तर मुळीच तोडू नये. जुन्या लाकडातून तो आंब्यासारखा फुटत नाही. तिकडे काही झाडांना कायद्याचं संरक्षण असतं, तेव्हा करवत लावण्यापूर्वी मुलीने स्थानिक काउन्सिलकडे चौकशी करावी.